ओळखपत्र हातात धरलेला माणूस: फेलिक्स नुसबाउम कोण होता आणि त्याची चित्रं कशी बघायची

आधी एक चित्र बघा. नेटवर 'फेलिक्स नुसबाउम' एवढं टाकलं तरी पहिलं तेच येतं. मोबाईलवर बघत असाल तर बोटांनी मोठं करून बघा, कारण यात सगळी गंमत (खरं तर गंमत हा शब्द इथे बरोबर नाही, पण कळलं असेल) बारीक गोष्टींमध्ये आहे.

एक माणूस उंच भिंतीच्या कोपऱ्यात उभा आहे. डोक्यावर हॅट, अंगात ओव्हरकोट. एका हाताने त्याने कोटाची कॉलर वर केलीये आणि त्यामुळे कोटावर शिवलेला पिवळा तारा (नाझींनी ज्यूंना सक्तीने लावायला लावलेली खूण) दिसतोय, दुसऱ्या हातात ओळखपत्र आहे आणि ते त्याने आपल्याकडे तोंड करून असं धरलंय जसं नाक्यावर पोलिसाने अडवून 'पेपर दाखव' म्हटल्यावर आपण धरतो. म्हणजे चित्र बघणारे आपण आहोत ना, तर आपणच तो पोलीस झालो. हे लक्षात आलं की चित्रासमोर जरा अवघडल्यासारखं होतं. तो आपल्याकडे तिरक्या नजरेने बघतोय, डोळ्यात भीती आहे पण गयावया नाही.

आता कार्ड बघा. त्यावर लाल अक्षरात शिक्का आहे, 'ज्युइफ-योद', म्हणजे फ्रेंच आणि डच अशा दोन्ही भाषांत 'ज्यू', कारण हे बेल्जियममधलं कार्ड आहे आणि तिथे दोन्ही भाषा चालतात. फोटो आहे. जन्मगावाच्या जागी अक्षरं पुसल्यासारखी केलीयेत, वाचताच येत नाहीत. आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात फ्रेंचमध्ये एकच शब्द आहे, 'सां', म्हणजे 'शिवाय', 'विना'. राष्ट्रीयत्व: नाही.

हे चित्र साधारण १९४३ चं आहे. आकार ५६ बाय ४९ सेंटिमीटर, म्हणजे भिंतीवरच्या बऱ्यापैकी मोठ्या कॅलेंडरएवढं. चित्रातला माणूस आणि काढणारा एकच, फेलिक्स नुसबाउम, जर्मनीचा ज्यू चित्रकार, आणि हे काढलं तेव्हा तो ब्रसेल्समध्ये नाझींपासून लपून राहत होता.

मला या लेखात एवढंच सांगायचंय की एखाद्या माणसाचे एकेक कागद काढून घेतले जातात, एकेक देश त्याला 'तू आमचा नाहीस' म्हणतो, तेव्हा त्याच्याकडे काय उरतं. नुसबाउमकडे स्वतःचा चेहरा उरला होता, आणि तो तेवढा एकच दाखला त्याला स्वतःला स्वतःसाठी काढता येत होता, म्हणून त्याने तो परत परत काढला. त्याची चित्रं 'होलोकॉस्टची' (नाझींनी केलेल्या ज्यूंच्या कत्तलीची) चित्रं म्हणून दाखवली जातात आणि ते चूक नाहीये, पण त्याच्या आयुष्याची मधली अकरा वर्षं ही मुळात घर नसलेल्या माणसाची वर्षं आहेत, आणि ती समजली नाहीत तर शेवटची चित्रं पण अर्धीच समजतात असं माझं ठाम मत आहे.

तर सुरुवातीपासून.

फेलिक्सचा जन्म ११ डिसेंबर १९०४ चा, उत्तर-पश्चिम जर्मनीतल्या ओस्नाब्रुक या मध्यम आकाराच्या गावात. वडील फिलिप नुसबाउम लोखंडी सामानाचे व्यापारी, चांगलं खातंपितं घर, आई राहेल, आणि मोठा भाऊ युस्टुस. नुसबाउम म्हणजे जर्मनमध्ये अक्रोडाचं झाड. वडील पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात होते, स्वतःला आधी जर्मन समजणारे, आणि हौस म्हणून स्वतः चित्रं काढणारे. म्हणजे 'पोरगा चित्रकार होतो म्हणतोय' म्हटल्यावर घरात जो गोंधळ होतो तो इथे झालाच नाही, वडिलांनीच पाठिंबा दिला, पैसे दिले.

इथे जरा थांबून एक सांगतो. आपल्याकडे ज्यू म्हटलं की कोकणातले बेने इस्रायल आठवतात, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली', घरात मराठी बोलणारे, ज्यांना इथे कुणी धर्मावरून हाकललं नाही. तो अनुभव डोक्यात असेल तर युरोपातली गोष्ट पटकन उलगडत नाही. जर्मनीतले ज्यू पण तसेच गावात मुरलेले होते, भाषा जर्मन, कपडे जर्मन, सणावाराला सिनेगॉगमध्ये जायचं आणि एरवी दुकान, शाळा, क्लब. फेलिक्सने १९२६ मध्ये ओस्नाब्रुकच्या सिनेगॉगचं आतलं चित्र काढलंय, 'दोन ज्यू' नावाचं, त्यात गावातले प्रार्थना म्हणणारे कॅन्टर आहेत आणि मागे तरुण फेलिक्स स्वतः. त्या चित्रात तो समाजात उभा आहे, पण त्याची नजर बाहेर, आपल्याकडे आहे. बारा वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, ते सिनेगॉग जाळलं गेलं.

शिक्षण आधी हॅम्बुर्ग आणि मग १९२३ पासून बर्लिन. विशीतल्या चित्रकारासाठी त्या वेळी बर्लिनसारखी जागा नव्हती. तिथेच त्याला फेल्का प्लाटेक भेटली, वॉर्साहून आलेली, ती पण ज्यू, ती पण चित्रकार, त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. हे दोघं शेवटपर्यंत बरोबर राहिले. फेल्काचं नाव बहुतेक लेखांत 'त्याची बायको' एवढंच येतं, तिच्याकडे मी शेवटी परत येतो.

सुरुवातीला फेलिक्सवर व्हॅन गॉगचा जबरदस्त प्रभाव होता, मग फ्रान्सच्या आंरी रुसोचा, तो जकातनाक्यावर नोकरी करून भोळीभाबडी वाटणारी चित्रं काढणारा. आता 'फिगरेटिव्ह' हा शब्द सांगून टाकतो कारण तो सारखा येणार. फिगरेटिव्ह म्हणजे ज्या चित्रात माणूस माणसासारखा, खुर्ची खुर्चीसारखी दिसते, ओळखू येते. याच्या उलट अमूर्त, ज्यात नुसते आकार, रंग, रेषा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात अमूर्ताची मोठी लाट होती, पण पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत बरेच चित्रकार परत ओळखू येणाऱ्या जगाकडे वळले, थंड नजरेने, भावनेचा फाफटपसारा न करता जे आहे ते काढायचं, याला 'नवी वस्तुनिष्ठता' म्हणतात. फेलिक्स याच वातावरणात घडला. त्याची माणसं थोडी लाकडी बाहुल्यांसारखी वाटतात, रंग पुढे पुढे करड्या-तपकिरीकडे झुकलेले, पण वस्तू एकदम स्पष्ट. टेबल, बाटली, तार, कागद. मला वाटतं हा स्वभाव त्याला पुढे फार कामाला आला, कारण ज्याचं आयुष्य कागदावरच्या एका शब्दावर लटकलंय त्याला तो शब्द वाचता येईल असाच रंगवावा लागतो, नुसत्या रंगाच्या फटकाऱ्याने ते काम होत नाही.

१९३१ मध्ये त्याचं 'वेडा चौक' हे मोठं चित्र गाजलं. बर्लिनचा पारिझर प्लाट्झ हा चौक, तिथली कला अकादमी, प्रतिष्ठित म्हाताऱ्या चित्रकारांची मिरवणूक, आणि बाजूच्या घराच्या छतावर बसून थोर चित्रकार माक्स लिबरमान स्वतःचं चित्र काढत बसलेत, आणि खाली तरुण मंडळी आपापली चित्रं घेऊन उभी. जुन्या पिढीवर तरुणाने काढलेला तो राग होता. वय सव्वीस. नाव झालं.

मग ऑक्टोबर १९३२ मध्ये रोमची स्कॉलरशिप मिळाली. विला मासिमो ही रोममधली जर्मन अकादमीची जागा, तिथे निवडक कलाकारांना राहायला-काम करायला मिळायचं, हा मोठा मान. फेल्का बरोबर होतीच. आणि त्याच डिसेंबरमध्ये बर्लिनमधल्या त्याच्या स्टुडिओला आग लागली आणि जवळजवळ १५० चित्रं जळून गेली. तरुणपणीचं बहुतेक सगळं काम गेलं.

पुढच्याच महिन्यात, ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चान्सेलर झाला.

बघा, फेलिक्स जर्मनीतून 'पळून' गेला नाही. तो सुटकेस घेऊन स्कॉलरशिपवर गेला होता आणि मागे दार बंद झालं. १९३३ च्या वसंतात प्रचारमंत्री गोबेल्स रोममध्ये येऊन अकादमीतल्या कलाकारांना नव्या जर्मन कलेबद्दल सांगून गेला, वीर पुरुष, वंश वगैरे, आणि त्यात ज्यू कलाकाराला जागा नाही हे कुणालाही कळण्यासारखं होतं. मे महिन्यात एका सहकारी जर्मन चित्रकाराशी फेलिक्सचं भांडण झालं, हातघाईवर गेलं, आणि त्याला विला मासिमो सोडावं लागलं. तिथून पुढे तो जर्मनीत राहायला कधीच परत गेला नाही.

इटलीच्या समुद्रकिनाऱ्यावर काही काळ, अलासियो, रापालो. १९३४ मध्ये आईवडील काही दिवस त्याच्या सोबत होते, पण वडिलांना परदेशात करमेना. फेलिक्सने खूप विरोध केला तरी ते जर्मनीला परत गेले, आपलं गाव, आपली भाषा, आपण युद्धात लढलोय, आपल्याला कोण काय करणार. याच्यावर आज शहाणपणाने बोलणं सोपं आहे पण मला त्या म्हाताऱ्या माणसाचं वाईट वाटतं, साठीच्या आसपास सगळं सोडून कुठे जायचं. हे कुटुंब त्यानंतर परत एकत्र राहिलं नाही.

१९३५ च्या सुरुवातीला फेलिक्स आणि फेल्का पॅरिसमार्गे बेल्जियममध्ये ओस्टेंडला पोचले, टुरिस्ट व्हिसावर.

आता निर्वासित असणं म्हणजे रोजच्या व्यवहारात काय, ते बघू, कारण चित्रांची किल्ली इथे आहे. आपण भाड्याने खोली घेतो तेव्हा अकरा महिन्यांचा करार असतो, दहावा महिना लागला की पोटात गोळा येतो, मालक वाढवेल का, भाडं किती करेल, परत ब्रोकर, परत सामान टेम्पोत. आता कल्पना करा की असा करार घराचा नाहीये, देशाचा आहे. राहायचा परवाना थोड्या महिन्यांचा, संपत आला की परत अर्ज, परत ऑफिसच्या रांगा, आणि 'नाही' आलं तर टेम्पो कुठे न्यायचा हेच माहीत नाही. ओस्टेंडला आल्यापासूनच ते एका पेन्शनमधून दुसऱ्या पेन्शनमध्ये (म्हणजे स्वस्तातलं लॉजिंग-बोर्डिंग) हलत राहिले. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतो तसं, फक्त विंचवाला व्हिसा लागत नाही.

याच काळात त्याने मुखवट्यांची चित्रं काढली. ओस्टेंडमध्येच तेव्हा बेल्जियमचे वृद्ध चित्रकार जेम्स एन्सोर राहत होते, ज्यांनी आयुष्यभर मुखवटे आणि सांगाडे रंगवले, आणि फेलिक्सची त्यांच्याशी भेट झाली होती. पण एन्सोरचे मुखवटे जत्रेतले, गर्दीची टर उडवणारे आहेत. फेलिक्सच्या चित्रात मुखवटा त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याजवळ असतो. परक्या देशात दर ऑफिसात वेगळा चेहरा घेऊन जाणाऱ्या माणसाला मुखवटा म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

१९३७ मध्ये ते ब्रसेल्सला आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लग्न केलं. घर रु आर्किमेड या रस्त्यावर, नंबर २२. हा पत्ता लक्षात ठेवा.

आणि तिकडे जर्मनीत काय होत होतं ते एका दमात सांगतो: सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेंबर्ग कायदे, ज्यूंचे नागरिक म्हणून हक्क गेले, १९३८ मध्ये ज्यूंच्या पासपोर्टवर लाल 'जे' अक्षर, ज्यांचं नाव सरकारी यादीप्रमाणे पुरेसं 'ज्यू' वाटत नाही त्या पुरुषांच्या नावात सक्तीने 'इस्राएल' आणि बायकांच्या नावात 'सारा', नोव्हेंबर १९३८ मध्ये सिनेगॉग जाळले, दुकानं फोडली, आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये एक फर्मान, की जे ज्यू जर्मनीबाहेर राहतात त्यांचं जर्मन नागरिकत्व आपोआप रद्द. म्हणजे आधी हाकला, आणि मग बाहेर आहात म्हणून काढून टाका. पहिल्या चित्रातल्या कार्डावरचा तो 'सां' शब्द कुठून आला ते आता कळलं असेल.

१९३९ चं 'निर्वासित' हे चित्र मला पहिल्या चित्राइतकंच जवळचं आहे. एक मोठी, जवळजवळ रिकामी खोली. लांबच लांब टेबल. टेबलावर पृथ्वीचा गोल. टेबलाच्या पार टोकाला भिंतीशी एक माणूस डोकं हातात धरून बसलाय, बाजूला गाठोडं आणि काठी. दार उघडं आहे, आणि उघड्या दारातून काय दिसतं, तर निष्पर्ण झाडं आणि काळे पक्षी. चित्रात कुणी छळ करणारा नाही, रक्त नाही, कुंपण नाही. अख्खी पृथ्वी टेबलावर आहे आणि त्यातली एकही जागा त्या माणसाची नाही. टेबल इतकं लांब काढलंय की गोल त्याच्या हाताला लागणारच नाही. 'फिगरेटिव्ह' चित्रकार किती कमी सामानात किती सांगू शकतो याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात चांगलं उदाहरण आहे, आणि कुणाला चित्र 'वाचायला' शिकवायचं असेल तर मी यापासून सुरुवात करेन.

ही गोष्ट नशिबाची पण आहे. त्याच सुमारास व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आपल्या ज्यू पत्नीसह मुंबईला आले, इथल्या एका मोठ्या इंग्रजी वर्तमानपत्राचे आर्ट डायरेक्टर झाले, आणि त्यांनी, कलासमीक्षक रुडी फॉन लायडेन यांनी आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी आरा, रझा, सूझा, हुसेन या पोरांना हात दिला, तोच तो मुंबईतल्या तरुण चित्रकारांचा १९४७ चा प्रोग्रेसिव्ह ग्रुप. हे तिघंही नाझींच्या जगातून बाहेर पडलेले. कुणाला मुंबईची बोट मिळाली, कुणाला ओस्टेंडचा टुरिस्ट व्हिसा. टॅलेंटचा काही संबंध नाही.

१० मे १९४० ला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं. आणि बेल्जियमच्या पोलिसांनी लगेच जर्मन पासपोर्टवाल्यांना पकडायला सुरुवात केली, शत्रूदेशाचे नागरिक म्हणून. फेलिक्स पण पकडला गेला. जर्मनीने ज्यू म्हणून बाहेर काढलेला माणूस बेल्जियमने जर्मन म्हणून उचलला. हे वाक्य मी लिहिताना दोनदा वाचलं, बरोबर आहे ना म्हणून, आणि बरोबर आहे.

त्यांना आगगाडीने फ्रान्सच्या दक्षिणेला सेंट सिप्रियां इथे नेलं. ही भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरची छावणी, मुळात १९३९ मध्ये स्पेनमधून पळून आलेल्या निर्वासितांसाठी वाळूवर उभारलेली. वाळू, वारा, तारांचं कुंपण, झोपड्या, खराब पाणी, हगवण, टायफस. फेलिक्सने तिथे स्केचेस केली आणि नंतर त्यावरून चित्रं. 'छावणीतलं स्वतःचं चित्र' (१९४०) मध्ये त्याचा चेहरा एकदम पुढे आहे, दाढी वाढलेली, डोक्यावर टोपी, आणि मागे एक कैदी पिंपावर शौचाला बसलाय, एक टेबलावर डोकं टाकून बसलाय, जमिनीवर डबे आणि हाडं. कुणी म्हणेल असलं कशाला काढायचं. पण छावणीने माणसाचं आधी काय काढून घेतलं तर आडोसा, आणि ते त्याने जसंच्या तसं काढलंय, फक्त स्वतःचा चेहरा पुढे ठेवून, नजर रोखून. दुसऱ्या एका चित्रात, १९४२ चं, कैदी एका खोक्याभोवती बसलेत आणि मधे पृथ्वीचा गोल आहे, पण आता त्या गोलाला काटेरी तार गुंडाळलीये. तीन वर्षांपूर्वीच्या चित्रात गोल टेबलावर मोकळा होता, आठवतंय ना.

ऑगस्ट १९४० मध्ये त्याने जर्मनीत परत पाठवण्याचा अर्ज केला. ऐकायला विचित्र वाटतं पण छावणीतून बाहेर पडायचा तोच एक रस्ता होता. जर्मनीकडे नेताना वाटेत बोर्डो इथे तो एका साथीदाराबरोबर निसटला आणि जर्मनांच्या ताब्यातल्या ब्रसेल्समध्ये फेल्काकडे परत आला.

यापुढची चार वर्षं. आधी ज्यूंची सक्तीने नोंदणी, त्याने पण नाव नोंदवलं. मग ओळखपत्रावर तो लाल शिक्का. १९४२ च्या उन्हाळ्यात पिवळा तारा सक्तीचा, आणि ऑगस्ट १९४२ पासून मेखेलेन गावातल्या दोसिन बराकीमधून आउशवित्झला, म्हणजे नाझींच्या मृत्युछावणीला, गाड्या सुटायला लागल्या, पुढच्या दोन वर्षांत पंचवीस हजारांहून जास्त माणसं गेली. फेलिक्स आणि फेल्का लपले. शिल्पकार मित्र डोल्फ लेडेल यांनी आसरा दिला, मग त्यांना स्वतःलाच ब्रसेल्स सोडावं लागलं, आणि हे दोघं परत रु आर्किमेड २२ मध्ये, माळ्यावरच्या खोलीत. आणि इथे एक बारीकशी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागते. तैलरंगात टर्पेंटाइन लागतं. टर्पेंटाइनचा वास येतो, जिन्यात उतरतो, शेजाऱ्यांना कळतं की वर कुणीतरी आहे. लपलेल्या माणसासाठी हा वास म्हणजे आरोळी. म्हणून त्याने जवळच दुसऱ्या रस्त्यावर कामाची वेगळी जागा घेतली आणि तिथे जाऊन रंगवायचा. म्हणजे रंगवण्यासाठी पकडलं जायची भीती असलेल्या रस्त्यावरून चालत जायचं. लोक विचारतात कला कशासाठी, मी काही उत्तर देत नाही, मी हे सांगतो.

या काळातली चित्रं आकाराने काही लहान नाहीत, पण आधी एक छोट्या वाटणाऱ्या चित्राबद्दल. ऑगस्ट १९४३ चं, 'ईझलसमोर स्वतः'. उघड्या अंगाने, तोंडात पाइप, हातात पॅलेट, आणि समोर रंगाच्या बाटल्या. बाटल्यांवर लेबलं आहेत पण रंगांची नावं नाहीत. एकीवर आठवणींची ओढ, एकीवर यातना, एकीवर विषाची असते तशी कवटी. आणि मुखवटा आता तोंडावर नाहीये, बाजूला टांगून ठेवलाय. ओस्टेंडचे ते सगळे मुखवटे आठवून हे बघा. या चित्रातला चेहरा शांत आहे. ओळखपत्रवाल्या चित्रात दुसऱ्यांनी दिलेला दाखला हातात आहे, आणि इथे स्वतःचा. ही दोन्ही चित्रं एकाच वर्षाच्या आसपासची असल्यामुळे मी ती नेहमी जोडीने बघतो.

'भीती' नावाचं १९४१ चं एक चित्र आहे, त्यात त्याने छोट्या पुतणीला, मारियानला, कवटाळलंय. ती तेव्हा आईवडिलांबरोबर, म्हणजे युस्टुस आणि त्याच्या बायकोबरोबर, ॲमस्टरडॅममध्ये होती, हा ब्रसेल्समध्ये. त्याने तिला चित्रात जवळ घेतलं.

आणि १८ एप्रिल १९४४ ही तारीख असलेलं शेवटचं माहीत असलेलं चित्र, 'मृत्यूचा विजय'. मीटरभर उंच, दीड मीटर रुंद. सांगाडे वाद्यं वाजवतायत, नाचतायत, आणि त्यांच्या पायाखाली युरोपच्या सगळ्या शहाणपणाचा भंगार पडलाय, पुस्तकं, पुतळ्यांचे तुकडे, टायपरायटर, मोडकी यंत्रं, चित्रकाराचं पॅलेट. कोपऱ्यात नोटेशनचा एक कागद आहे, त्यावरचे सूर खरे आहेत, त्या काळातल्या एका लोकप्रिय इंग्रजी नाचगाण्याचे. वर आकाशात पतंग उडतायत आणि पतंगांना चेहरे आहेत. मृत्यूच्या नाचाची चित्रं युरोपात मध्ययुगापासून काढली जातात, प्लेग वगैरे, पण त्या जुन्या चित्रांमध्ये सांगाडे जिवंत माणसांना ओढून नेत असतात. इथे ओढून न्यायला कुणी उरलेलंच नाही.

फेलिक्सने चित्रं ब्रसेल्समधल्या ओळखीच्यांकडे ठेवायला दिली होती, त्यात एक डॉक्टर होते. त्यांना तो म्हणाला असं सांगितलं जातं, की मी संपलो तरी माझी चित्रं मरू देऊ नका, ती लोकांना दाखवा.

२० जून १९४४ च्या रात्री कुणीतरी चुगली केल्यावर जर्मन सैनिकांनी माळ्यावरून दोघांना पकडलं. तोपर्यंत दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरून दोन आठवडे झाले होते. ३१ जुलैला मेखेलेनहून आउशवित्झला गाडी सुटली, ती तिथून सुटलेली शेवटची. २ ऑगस्टला पोचली. फेल्काला लगेच मारलं. फेलिक्सबद्दल अनेक वर्षं असंच धरलं जायचं की तो पण ऑगस्टमध्येच गेला, पण छावणीच्या दवाखान्याच्या कागदांत २० सप्टेंबर १९४४ ला त्याची नोंद सापडली, म्हणजे तो निदान तोपर्यंत होता. ब्रसेल्स ३ सप्टेंबरला मुक्त झालं होतं.

आईवडील शेवटी जर्मनीतून ॲमस्टरडॅमला युस्टुसकडे गेले होते. त्यांना फेब्रुवारी १९४४ मध्ये आउशवित्झमध्ये मारलं. युस्टुसच्या कुटुंबाला ३ सप्टेंबर १९४४ ला हॉलंडमधल्या वेस्टरबोर्कहून नेलं, त्याच गाडीत ॲन फ्रँक होती. पुतणी मारियान आणि तिच्या आईला पोचल्या पोचल्या मारलं. युस्टुस त्याच वर्षाच्या शेवटी श्टुटहोफ छावणीत उपासमारीने आणि थकून गेला. घरातलं कुणीच राहिलं नाही.

म्हणूनच चित्रं पंचवीस वर्षं पडून राहिली. वारसाचा दावा करायलाच कुणी जवळचं नव्हतं, आणि युद्धानंतर कलाजगत अमूर्ताच्या मागे होतं, ओळखू येणारे चेहरे कुणाला बघायचे नव्हते, जर्मनीत तर अजिबातच नाही. १९७० च्या आसपास दूरच्या नातेवाइकांनी खटपट करून ब्रसेल्समधली चित्रं मिळवली, तळघरात राहून खराब झालेली, आणि १९७१ मध्ये ओस्नाब्रुकमध्ये प्रदर्शन भरलं. मग गावातले लोक, पत्रकार, अभ्यासक शोधायला लागले आणि एकेक चित्र सापडत गेलं. १९९८ मध्ये ओस्नाब्रुकमध्येच त्याच्या नावाचं म्युझियम उघडलं, वास्तुरचना डॅनियल लिबेस्किंडची, पोलंडमधल्या लोड्झ गावातल्या ज्यू घरातला तो, आणि त्याची पूर्ण झालेली ही पहिलीच इमारत. २०० हून जास्त कामं तिथे आहेत. इमारतीत एक उघड्या काँक्रीटचा, अरुंद आणि खूप उंच कॉरिडॉर आहे, जमीन काही ठिकाणी उतरती, भिंती तिरक्या, लपून काढलेली चित्रं बघायला माणूस मागे सरकू बघतो तर जागाच नसते. अशा इमारती मला एरवी चित्रांवर कुरघोडी करणाऱ्या वाटतात पण इथे पटतं, कारण ही चित्रं काढणाऱ्याला पण मागे सरकायला जागा नव्हती.

फेल्काचं राहिलं. तिची फारच थोडी चित्रं शिल्लक आहेत, मुख्यतः ओळखीच्या लोकांचे चेहरे आणि टेबलावरच्या वस्तू. दोघं त्याच खोल्यांत, त्याच परवान्यांवर, त्याच माळ्यावर राहिले, रंगाचा तोच वास दोघांच्या हाताला. त्याने तिचा चेहरा कितीतरी वेळा काढलाय, पण मला आता तिने काढलेले चेहरे बघायचेत. नेटवर तिचं नाव टाकलं तर आधी त्याचीच चित्रं येतात, जरा खाली जावं लागतं.